एक घर पुढे : बुद्धिबळातल्या 'विचित्र' सुरुवातींचा इतिहास

आपल्या १९८३ च्या दहावीच्या तुकडीतून डॉक्टर झाले, इंजिनिअर झाले, शिक्षक झाले, दोघे-तिघे उत्तम शेतकरी झाले. मी बँकेत गेलो आणि निवृत्तीनंतर बुद्धिबळाकडे परत आलो. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सांगितले, "शाळेच्या आठवणी सगळेच लिहितील, तू तुझ्या विषयाचा इतिहास लिही." म्हणून हा लेख. तरीही त्यात शाळा येणारच, कारण या इतिहासातला पहिला प्रश्न मला शाळेच्या व्हरांड्यातच पडला होता.

आपली शाळा सांगली जिल्ह्यातली. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचे नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे सांगलीत बुद्धिबळाला जे स्थान मिळाले, ते तेव्हा महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांत होते. सुट्टीत स्पर्धा भरल्या की आपल्यातले काही जण एस.टी.ने जाऊन नुसते बघत उभे राहत. भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या भाग्यश्री ठिपसे, याच सांगलीच्या. त्या पुढे पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या. तिथून आपण 'खरे' नियम शिकून यायचो आणि मधल्या सुट्टीत आपल्या शिपाईमामांना हरवायला बघायचो.

मामा देशी पद्धतीने खेळायचे, हे तुम्हाला आठवत असेल. प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जाते हे त्यांना मान्यच नव्हते. प्यादे एकच घर जाणार. घोड्यासमोरचे प्यादे एक घर पुढे, मग त्या मोकळ्या जागेत उंट, मग दुसऱ्या बाजूलाही तसेच. आपण हसायचो. मामा म्हणायचे, "बाळांनो, घाई कशाला? आधी घर बांधा, मग भांडायला जा." आणि तासाची घंटा होईपर्यंत आपली प्यादी मध्यभागी येऊन अडकलेली असायची आणि मामांचे उंट लांबून त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेले असायचे. आपण म्हणायचो, मामांची सुरुवात चुकीची आहे, पुस्तकात अशी नाही. मग ते जिंकतात कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जी माणसे भेटली, त्यांची ही गोष्ट आहे.

देशी पट आणि विलायती पट

देशी बुद्धिबळाचे नियम गावोगावी थोडे बदलत, पण काही गोष्टी बहुतेक ठिकाणी सारख्या होत्या. प्यादे नेहमी एकच घर चालत असे. आजचे कॅसलिंग नव्हते. त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई, तीसुद्धा त्याला आधी शह बसलेला नसेल तर. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे मनाला येईल ते मोहरे होत नसे. ते ज्या रांगेत पोहोचले त्या रांगेचे मोहरे होई.

या नियमांचा परिणाम डावाच्या सुरुवातीवर होतो. प्यादे दोन घरे जात असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या चालीला मध्यभागी टक्कर होते आणि लगेच मारामारी सुरू होते. प्यादे एकच घर जात असेल, तर दोन्ही फौजा समोरासमोर येण्याआधी पाच-सहा चाली निवांत मिळतात. त्या वेळात खेळाडू आपापली रचना उभी करतो. घोड्यासमोरचे प्यादे एक घर सरकवून तिथे उंट ठेवणे, मध्यभाग लगेच न बळकावता त्याच्यावर लांबून दाब ठेवणे, ही देशी खेळाची सहज सवय होती. युरोपातल्या एकोणिसाव्या शतकातल्या खेळाडूला मात्र ही पद्धत भित्री आणि अडाणी वाटे. तिथे ई४ खेळायचे, समोरच्याने ई५ खेळायचे आणि राजावर तुटून पडायचे, हाच पुरुषार्थ समजला जाई.

कलकत्त्याचे महेशचंद्र

या दोन पद्धतींची नीट नोंदवलेली पहिली मोठी गाठ कलकत्त्यात पडली. जॉन कोक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर तिथे वकिली करत होता. साधासुधा खेळाडू नव्हे. १८२१ मध्ये पॅरिसला जाऊन तो त्या काळच्या सर्वश्रेष्ठ फ्रेंच खेळाडूंशी खेळून आला होता. १८४८ च्या सुमारास कलकत्त्याच्या बुद्धिबळ क्लबातल्या एका सभासदाला कळले की, खेड्यात एक ब्राह्मण आहे आणि तो म्हणे कधी हरलेलाच नाही. त्याने त्यांना शोधून काढले आणि कोक्रेनसमोर आणून बसवले. त्यांचे नाव महेशचंद्र बॅनर्जी. ही हकीकत लंडनच्या 'चेस प्लेअर्स क्रॉनिकल' मासिकात १८५० मध्ये छापून आली.

पुढची बारा वर्षे हे दोघे शेकडो डाव खेळले. कोक्रेन जास्त जिंकत असे, यात शंका नाही. पण त्याने डाव लिहून ठेवले आणि ते इंग्लंडला छापायला पाठवले, म्हणून आज आपल्याला महेशचंद्र काय खेळत होते ते कळते. कोक्रेनने राजासमोरचे किंवा वजिरासमोरचे प्यादे पुढे काढले की महेशचंद्र कित्येकदा घोडा एफ६ वर आणत, जी-प्यादे एक घर सरकवत, उंट जी७ वर ठेवत आणि मध्यभाग कोक्रेनला देऊन टाकत. मग त्या मध्यभागावर हल्ला. मला पहिल्यांदा हे डाव वाचायला मिळाले तेव्हा व्हरांड्यातले मामाच पुन्हा समोर बसल्यासारखे वाटले.

१८५५ चा त्यांचा एक डाव जगभर प्रसिद्ध आहे. पांढऱ्याने डी४, काळ्याने घोडा एफ६. पांढऱ्याने सी४, काळ्याने जी६. पांढऱ्याने घोडा सी३ आणि काळ्याने डी५. आज या सुरुवातीला ग्रुनफेल्ड डिफेन्स म्हणतात. ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने ती १९२२ मध्ये मोठ्या स्पर्धांत आणली म्हणून हे नाव. नंतर ती कास्पारोव्हच्या हातात जगज्जेतेपदाच्या सामन्यांत दिसली. महेशचंद्र ती ग्रुनफेल्डच्या सदुसष्ट वर्षे आधी खेळले होते, तेही नियम बदललेल्या परक्या पटावर.

तो डाव महेशचंद्र हरले, हेही सांगायला हवे. कोक्रेनने अठराव्या चालीला एफ७ वर घोडा घातला आणि स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजावर घोड्याची मात होणार हे निश्चित झाले. पण सुरुवातीच्या दहा-बारा चाली आज संगणकाला दाखवल्या तर तो काळ्याच्या स्थितीला नाव ठेवत नाही. डाव गेला तो मधल्या लढाईत. हा फरक आपण शाळेत कधी केला नाही. हरलेल्याची पहिली चालच चुकीची होती असे आपण धरून चालायचो.

कोक्रेनही विचित्र चालींत मागे नव्हता. १८४८ च्या एका डावात महेशचंद्रांविरुद्ध त्याने चौथ्याच चालीला एक अख्खा घोडा एफ७ वर देऊन टाकला, बदल्यात दोन प्यादी घेतली आणि समोरच्या राजाला उघड्यावर आणले. या खेळीला आजही कोक्रेन गॅम्बिट म्हणतात. लोक तिला वेडेपणा म्हणत राहिले आणि दीडशे वर्षांनी, १९९९ मध्ये, लिनारेसच्या स्पर्धेत टोपालोव्हने ती क्रामनिकसारख्या खेळाडूविरुद्ध खेळून दाखवली. तो डाव बरोबरीत सुटला.

१९२० च्या दशकात युरोपातल्या नव्या पिढीने हीच लांबून दाब ठेवण्याची पद्धत तत्त्व म्हणून मांडली. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन अशी नावे रूढ झाली. आज ऑस्ट्रेलियापासून अर्जेंटिनापर्यंत प्रत्येक खेळाडू दिवसातून एकदा तरी 'इंडियन' शब्द उच्चारतो. त्यामागे आपले एक-घर चालणारे प्यादे उभे आहे.

सुलतान खान : पुस्तकांशिवाय तीनदा विजेता

दुसरी गोष्ट मीर सुलतान खानची. जन्म १९०३, पंजाबातल्या मिठा टिवाना गावी. आज ते पाकिस्तानात आहे. वडिलांकडून नवव्या वर्षी देशी बुद्धिबळ शिकला. सर उमर हयात खान या बड्या जमीनदाराने त्याला हेरले, आपल्याकडे ठेवून घेतले आणि विलायती नियम शिकवले. १९२८ मध्ये सुलतान अखिल भारतीय विजेता झाला. १९२९ च्या वसंतात धन्यासोबत लंडनला गेला.

तिथल्या सरावाच्या एका लहान स्पर्धेत त्याची कामगिरी यथातथाच झाली. कारण उघड होते. युरोपातले खेळाडू सुरुवातीच्या दहा-पंधरा चाली पुस्तकातून पाठ करून येत. ती इंग्रजी पुस्तके वाचून शिकण्याची संधी सुलतानला मिळालेलीच नव्हती. विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या इंग्लिश खेळाडूंनी त्याला सुरुवातींचे थोडे धडे दिले. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि सुलतान खान ती जिंकला. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा जिंकला. तीन ऑलिम्पियाडमध्ये तो इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर बसला.

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला पासष्ट चालींच्या लढाईत हरवले. कापाब्लांका क्वचितच हरत असे, आणि अशा कसून चाललेल्या लांब डावात तर जवळजवळ नाहीच. त्या डावातली पाचवी चाल मी आमच्या क्लबात मुलांना नेहमी दाखवतो. मोहरी बाहेर काढायची सोडून सुलतानने कडेचे प्यादे ए३ वर, एक घर पुढे टाकले. त्या काळात समोरच्याला ती वाया घालवलेली चाल वाटली असती. तिचा हेतू साधा होता. काळ्याचा उंट बी४ वर येऊन आपल्या घोड्याला बांधून ठेवेल, ती वाट आधीच बंद करायची. पुढे पेट्रोसियानने, आणि त्याच्यानंतर कास्पारोव्हने, क्वीन्स इंडियनविरुद्ध ए३ ही चाल हत्यार म्हणून वापरली. आता ती पुस्तकात पेट्रोसियानच्या नावाने आहे.

१९३३ च्या अखेरीस सुलतान खान धन्याबरोबर मायदेशी परतला आणि मोठ्या स्पर्धांतून कायमचा बाहेर पडला. जेमतेम पाच वर्षांची कारकीर्द. १९६६ मध्ये तो वारला. जागतिक संघटनेने त्याला सन्मान म्हणून ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

त्याच घराण्यासोबत विलायतेला गेलेली फातिमा नावाची एक मुलगी होती. १९३३ मध्ये ती ब्रिटिश महिला विजेती झाली. तीही परतली आणि तिचाही खेळ तिथेच संपला. हे वाचताना मला आपल्या वर्गातली एक मैत्रीण आठवते. नाव लिहीत नाही, ती हा लेख वाचणार आहे. मधल्या सुट्टीत मुलींच्या बाजूला पट मांडून ती आपल्या सगळ्यांपेक्षा चांगली खेळायची. दहावीनंतर पट आवरला गेला. तिला कोणी 'खेळू नको' म्हटले नाही. 'खेळ' असेही कोणी म्हटले नाही. गेल्या वर्षी नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला त्या रात्री तिचा मला एकाच शब्दाचा मेसेज आला : "बघितलंस?"

ओरांगउटान आणि मांजराची चाल

विचित्र सुरुवाती फक्त पुस्तके न मिळालेल्यांनी शोधल्या असे नाही. काहींनी पुस्तके कोळून पिऊन मग बाजूला ठेवली. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला मोठी स्पर्धा होती. मधल्या सुट्टीच्या दिवशी खेळाडू ब्राँक्सचे प्राणिसंग्रहालय बघायला गेले. टार्टाकोव्हरला तिथली सुझान नावाची ओरांगउटान फार आवडली. त्यानंतर मारोक्झीविरुद्ध त्याने पहिल्याच चालीला बी४ खेळले आणि त्या चालीला ओरांगउटान हे नाव चिकटले. पुढे सोव्हिएत खेळाडू सोकोल्स्कीने या चालीवर अख्खे पुस्तक लिहिले. त्याच न्यूयॉर्क स्पर्धेत रिचर्ड रेतीने आपल्या घोड्याने सुरुवात करून, मध्यभागात घाई न करता कापाब्लांकाला हरवले. कापाब्लांका १९१६ नंतर तोपर्यंत एकही डाव हरला नव्हता.

या सगळ्यांत धाडसी म्हणावी अशी चाल १९८० ची. स्वीडनमधल्या स्कारा गावी युरोपीय सांघिक स्पर्धा होती. इंग्लंडचा टोनी माइल्स विरुद्ध जगज्जेता अनातोली कार्पोव्ह. कार्पोव्हने ई४ खेळले. माइल्सने कडेचे प्यादे ए६ वर, एक घर पुढे सरकवले. कार्पोव्हने डी४ खेळून मध्यभाग घेतला. माइल्सने बी५ खेळले. जगज्जेत्यासमोर असे खेळणे म्हणजे सभेत चप्पल पायात घालूनच बसण्यासारखे. माइल्स तो डाव जिंकला.

या सुरुवातीवर आधीपासून मेहनत घेणारा माणूस मात्र दुसराच होता. मायकेल बासमन हा इंग्लिश इंटरनॅशनल मास्टर आयुष्यभर अशाच सुरुवाती खेळला. पांढऱ्या मोहऱ्यांनी जी४, काळ्यांनी जी५. जी४ या चालीला ग्रोबचे नाव आहे. हेन्री ग्रोब हा स्विस खेळाडू आणि चित्रकार. आता जी-प्यादे पुढे गेले आणि त्यासोबत एफ-प्यादेही हलले की ई१ ते एच४ ही राजाजवळची तिरपी वाट उघडी पडते. शाळेत आपण नवख्याला दोन चालींत मात करायचो ती याच वाटेने. म्हणून ही चाल मी खेळत नाही आणि कोणाला खेळ म्हणत नाही. पण बासमन तिच्यामागचे कारण जाणून खेळायचा. उंट जी२ वर, सी-प्यादे पुढे, वजीर बी३ वर, आणि समोरच्याच्या बी७ वर तिहेरी नजर. १९९६ मध्ये बासमनने इंग्लंडच्या शाळांसाठी जी स्पर्धा सुरू केली, तिच्यातून मुलांच्या कित्येक पिढ्या खेळाकडे आल्या.

दुसरी बाजू

आता इतिहासाची दुसरी बाजू, नाहीतर आपले गणिताचे सर वरच्या सगळ्याला 'निवडक उदाहरणे' म्हणतील आणि ते बरोबरच असेल.

१९७० मध्ये बेलग्रेडला सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग असा सामना झाला. जगाच्या संघाच्या पहिल्या पटावर डेन्मार्कचा बेंट लार्सन, समोर जगज्जेता स्पास्की. लार्सनची आवडती सुरुवात बी३, म्हणजे घोड्यासमोरचे प्यादे एक घर पुढे. मामांचीच चाल. स्पास्कीने ई५ खेळून मध्यभाग घेतला, घोडे-उंट पटापट बाहेर काढले, वजिराच्या बाजूला कॅसलिंग केले आणि कडेचे प्यादे दामटत आणले. चौदाव्या चालीला त्याने अख्खा हत्ती एच१ वर नेऊन दिला. तो घेतल्यावर काळ्याचे प्यादे जी२ वर पोहोचले. सतराव्या चालीला लार्सनने डाव सोडला. जगातल्या पहिल्या काही खेळाडूंपैकी एक, आणि सतरा चाली!

हा डाव दाखवून कित्येक प्रशिक्षक मुलांना सांगतात की बघा, विचित्र खेळले की असे होते. डाव नीट मांडून पाहिला तर मला वेगळे दिसते. बी३ ने लार्सनचे काही बिघडले नाही. तेच घोडा आणि तीच प्यादी पुन्हा पुन्हा हलवण्यात त्याचा वेळ गेला, राजा मधेच राहिला आणि हत्ती-घोडा घरीच. लार्सन नंतरही बी३ खेळत राहिला आणि त्या सुरुवातीला त्याचे नावही पडले.

महेशचंद्रांचा १८५५ चा डाव आणि लार्सनचा १९७० चा डाव मी शेजारी ठेवतो. दोन्हींत एक-घर प्यादे आहे, दोन्हींत हार आहे आणि दोन्हींत हारीचे कारण दुसरीकडे आहे. तसेच माइल्सचा विजय. कार्पोव्ह ए६ मुळे हरला असे मानणारा माणूस पुढच्या रविवारी ए६ खेळतो आणि आपटतो. माइल्स त्यानंतरच्या चाळीसेक चाली जगज्जेत्यापेक्षा चांगला खेळला, हे तो विसरतो. पहिल्या चालीने समोरच्याचे पाठांतर तेवढे संपते. पुढे दोघेही सारखेच उघड्यावर असतात.

हौशी खेळाडूच्या कामाचे

आता हे सगळे आपल्यासारख्यांच्या काय कामाचे? मी रविवारी क्लबात खेळतो. समोर बहुधा दहा-बारा वर्षांची मुले असतात. मोबाइलवरच्या इंजिनने त्यांना पंधरा चाली तोंडपाठ करून दिलेल्या असतात. माझे वय आणि स्मरणशक्ती बघता त्यांच्याशी पाठांतराची शर्यत लावणे म्हणजे एस.टी.च्या मागे धावणे. म्हणून मी पांढरी मोहरी आली की बी३ खेळतो. दुसऱ्या चालीपासून आम्ही दोघेही विचार करतो. माझ्या वयाच्या खेळाडूला यापेक्षा जास्त काही नको असते.

याचा फायदा कोणाविरुद्ध होतो, हेही लक्षात आले आहे. पाठ करून आलेला मुलगा गोंधळतो, घड्याळाकडे बघतो. विचार करणारा मुलगा शांतपणे ई५, डी५ खेळतो, मोहरी काढतो, कॅसलिंग करतो आणि बरोबरीची किंवा त्याहून चांगली स्थिती मिळवतो. म्हणजे विचित्र सुरुवात ही ताकद वाढवत नाही. ताकद वाढते ती डाव संपल्यावर. मी प्रत्येक डाव वहीत लिहितो. घरी येऊन आधी स्वतः बघतो, प्रत्येक चालीशेजारी तेव्हा मनात काय होते ते दोन शब्दांत लिहितो, आणि त्यानंतरच इंजिनला विचारतो. आधीच इंजिनला विचारले तर ते उत्तर देते, पण आपला प्रश्न काय होता हेच कळत नाही. या वहीने मला दाखवले की, माझे बहुतेक डाव विसाव्या चालीनंतर, बरेचसे तर दोन हत्ती आणि चार-पाच प्यादी उरल्यावर ठरतात. तेव्हापासून सकाळचा वेळ मी सुरुवातींऐवजी डावाच्या शेवटाच्या अभ्यासाला देतो. खेळ सुधारला तो त्याने.

एकदा एका चौथीतल्या मुलीने बरोबरीचा डाव संपल्यावर विचारले, "काका, तुम्ही ते प्यादं एकच घर का टाकता? सर म्हणतात मधलं प्यादं दोन घरं टाकायचं." मी तिला पटावर दाखवले. उंट बी२ वर बसतो, त्याची नजर ई५ वर जाते, तिथे तू प्यादे ठेवलेस तर ते सांभाळायला तुला मोहरे गुंतवावे लागते. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे कारण आहे." मी विचारले, "आणि मधलं प्यादं दोन घरं का टाकायचं?" ती गप्प झाली. मग तिनेच उंटाची आणि वजिराची वाट बोटाने दाखवली. "ओ, यालाही कारण आहे!"

मला या साऱ्या इतिहासातून एवढेच सांगायचे आहे. जिचे कारण सांगता येते, ती चाल आपली. मग ती पुस्तकातली असो वा नसो. ई४ पाठ करून खेळणारा आणि ए६ नुसती गंमत म्हणून खेळणारा, दोघांचीही चाल उसनी. महेशचंद्रांजवळ पुस्तक नव्हते, सुलतान खानजवळ नव्हते, आपल्या मामांजवळ नव्हते. कारण मात्र होते. मामांचे तर ते तोंडावर असायचे : आधी घर बांधा.

आपण सगळे मराठी शाळेतून बाहेर पडलो. अकरावीला वर्गात इंग्रजी ऐकून मागच्या बाकावर बसलेले आपल्यात कितीतरी होते. समोरच्यांना सगळे 'पुस्तकी' माहीत असायचे आणि आपल्या पद्धती आपल्यालाच गावठी वाटायच्या. पण आपल्या सरांनी आणि बाईंनी एक सवय लावली होती. उत्तर बरोबर असले तरी "रीत लिही" म्हणून वही परत यायची. आज वळून बघताना वाटते, त्या एका सवयीवर आपली बरीच गाडी चालली.

शेवटी एक सूचना. यंदा आपल्या तुकडीच्या निधीतून शाळेला काही द्यायचे ठरते आहे. माझे म्हणणे, बुद्धिबळाचे वीस पट द्यावेत, आणि प्रत्येक पटाबरोबर डाव लिहायच्या दोन वह्या. एका बाजूला चाल लिहायची, शेजारी कारण. पट मुलांच्या आणि मुलींच्या, दोन्ही बाजूंना सारखे वाटावेत. शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर बसवायला मी तयार आहे. आणि ज्या मैत्रिणीचा वर उल्लेख केला, तिला इथूनच विचारतो : दुसरा तास तू घेशील का?